राक्षस खरा की सावकार?

तुमच्या ग्रुपमध्ये हे भांडण झालेलं असणारच. मार्व्हल भारी की डीसी? ‘ड्यून’ आधी वाचायचं की आधी बघायचं? ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट इतका का गंडला? ‘आदिपुरुष’चं व्हीएफएक्स बघून हसायचं की रडायचं? कॅन्टीनमधला चहा गार होतो, लेक्चर बुडतं, पण विषय काही संपत नाही. आणि मग ग्रुपमधला एक जण (प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच असा एक) मध्येच पिन मारतो, की हे राक्षस, ड्रॅगन, स्पेसशिप म्हणजे सगळा पोरखेळ आहे, बघायचंच तर खऱ्या आयुष्यावरचं काहीतरी बघा. झालं! पुढचा अर्धा तास गेला.

आपल्याला वाटतं हे भांडण आपल्या पिढीचं आहे. पण भावांनो आणि बहिणींनो, आपल्याच कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यात हे भांडण घडलेलं आहे, आणि तो माणूस दोन्ही बाजूंनी खेळला होता. त्यानं पडद्यावर घटोत्कच आणला, लंका आणली, मायाबाजार मांडला. आणि त्याच डोळ्यांनी, त्याच हातांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा सिनेमाही काढला. पब्लिकनं एकाला डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली.

खरी कॉर्नरवरून तुम्ही गाडीवरून कितीतरी वेळा गेला असाल. तिथे कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. कधी थांबून बघितलाय? तो ज्यांच्यासाठी उभा आहे, ते कलामहर्षी बाबूराव पेंटर. शाळेत जनरल नॉलेजच्या पुस्तकात एका ओळीत संपवलेलं हे नाव. आज जरा नीट ओळख करून घेऊ.

मेस्त्रींच्या घरातला पोरगा

पेंटर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. वडील कृष्णराव हे हातात कसब असलेले कारागीर. लाकूड, धातू, रंग, मूर्ती या सगळ्या गोष्टी घरातच. आपण लहानपणी मोबाइल उघडून बघतो तसं या घरातली पोरं पटाशी आणि ब्रश हातात घेऊन मोठी झाली. कलेची कुठली डिग्री नाही, आर्ट कॉलेजची पायरी नाही. जे शिकले ते बघून आणि करून.

त्यांच्या जोडीला होते नात्यातले भाऊ आनंदराव. दोघांची जोडी म्हणजे त्या काळातली फेमस टीम. तेव्हा मराठी संगीत नाटकाचा सुवर्णकाळ सुरू होता, आणि नाटक कंपन्यांना लागायचे रंगवलेले पडदे. राजवाडा, जंगल, देऊळ, नदीकाठ हे सगळं कापडावर रंगवायचं आणि नटाच्या मागे सोडायचं. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की समोर खरोखरच महाल आहे. साधारण १९१० नंतरच्या काही वर्षांत हे पडदे रंगवावेत तर या दोघांनीच, असं त्यांचं नाव झालं. पुढे जन्मभर चिकटलेलं ‘पेंटर’ हे नाव या कामातूनच आलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढे ती कामाला येणार आहे. सपाट कापडावर खोली दाखवायची, म्हणजे सावली कुठे पडते, लांबची कमान किती लहान दिसते, दिव्याचा उजेड भिंतीवर कसा सांडतो, याचा अभ्यास लागतो. खोटी गोष्ट खरी वाटायला हवी असेल तर खरी गोष्ट आधी बारकाईनं बघावी लागते. बाबूरावांचं फॅन्टसीचं ट्रेनिंग असं वास्तव निरखण्यातूनच झालं.

चोरबाजारातला प्रोजेक्टर

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोन पेंटरांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आपण रंगवतो तो पडदा जागेवरच असतो. हा पडदा तर हलतोय! आपल्यापैकी काही जणांना पहिला ‘अवतार’ किंवा ‘बाहुबली’ बघून जे झालं असेल, तसलंच काहीतरी त्यांचं झालं असणार. फरक इतकाच की आपण बाहेर येऊन स्टेटस टाकतो, आणि हे दोघं मुंबईच्या चोरबाजारात जाऊन एक जुना प्रोजेक्टर विकत घेऊन आले.

त्या प्रोजेक्टरवर त्यांनी लोकांना सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पैसे मिळत होतेच, पण खरा धंदा वेगळा होता. रोज तेच सिनेमे पुन्हा पुन्हा बघायचे, ते मशीन आतून उघडून बघायचं, आणि हे कसं केलं असेल याचा विचार करायचा. आज आपण यूट्यूबवर ‘मेकिंग ऑफ’चे व्हिडिओ बघतो ना? यांच्याकडे तेही नव्हते. स्वतःच रिव्हर्स इंजिनिअरिंग करायचं.

गंमत म्हणजे फ्रान्समध्ये याच वाटेनं आणखी एक माणूस गेला होता. जॉर्ज मेलिएस. मूळचा जादूगार. त्यानंही आधी प्रोजेक्टर मिळवला, त्यात फेरफार करून कॅमेरा बनवला आणि १९०२ मध्ये चंद्रावर जाणाऱ्या माणसांचा सिनेमा काढला. साय-फाय सिनेमाचा इतिहास सांगताना आजही सुरुवात त्याच्यापासून करतात. एक जादूगार आणि एक पडदे रंगवणारा. फसवण्याची कला आधीच हातात असलेल्या या माणसांना सिनेमा म्हणजे नेमकं काय आहे ते लगेच कळलं.

कॅमेरा घ्यायला पैसे नाहीत? मग बनवू!

सिनेमा काढायचा तर कॅमेरा पाहिजे. कॅमेरा परदेशातून यायचा आणि परवडणारा नव्हता. तर दोघांनी ठरवलं की आपणच बनवायचा.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण जुना फिल्म कॅमेरा आतून कसा चालतो ते बघा. हातानं दांडा फिरवायचा. आतली फिल्म सरळ पळत नाही, ती अडखळत पळते. एक चौकट भिंगासमोर येऊन क्षणभर थांबते, झडप उघडते, उजेड आत येतो, झडप मिटते, आणि अंधारातच एक आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात अडकून पुढची चौकट ओढतो. हे एका सेकंदात साधारण सोळा वेळा! आकडा केसभर चुकला तर चित्र थरथरणार. झडप किंचित उशिरा मिटली तर सगळं पुसट. दातेरी चाकं, स्प्रिंग, भोकं, सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

आणि हे जुळेपर्यंतच घात झाला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. ज्या भावाबरोबर पडदे रंगवले, प्रोजेक्टर आणला, कॅमेऱ्याचं स्वप्न बघितलं, तोच नाही. इथे बरेच जण थांबले असते. बाबूराव थांबले नाहीत. शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन त्यांनी काम पुढे रेटलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. कोल्हापुरात, मेस्त्रींच्या हातांनी.

त्याआधीच, १ डिसेंबर १९१७ ला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली होती. भांडवलाचं काय? इथे एक नाव आवर्जून लक्षात ठेवा : तानीबाई कागलकर. कोल्हापूरच्या नामांकित गायिका. ज्या काळात बँकेनं सिनेमावाल्याला दारातही उभं केलं नसतं, त्या काळात एका गायिकेनं आपली कमाई या वेडेपणात घातली. छत्रपती शाहू महाराजांच्या कोल्हापुरात कुस्तीला खासबाग होती, नाटकाला पॅलेस थिएटर होतं. कलावंताला उभं राहायला जागा देणारं हे गाव होतं. आता त्यात सिनेमाही आला.

कीचक मेला, आणि सरकार हादरलं

७ फेब्रुवारी १९२०. पुण्याच्या आर्यन सिनेमात ‘सैरंध्री’ लागला. गोष्ट महाभारतातली. अज्ञातवासातली द्रौपदी सैरंध्री बनून विराटाच्या राजवाड्यात राहते, कीचक तिच्यामागे लागतो आणि भीम त्याचा निकाल लावतो. बायकांच्या भूमिका या सिनेमात बायकांनीच केल्या होत्या. सात वर्षांपूर्वी फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती एका पुरुषाला व्हावं लागलं होतं, हे आठवलं की यातली हिंमत कळते.

कीचकवधाचा सीन बाबूरावांनी असा काही जिवंत घेतला की थिएटरात कुणाकुणाला भोवळ आली, असं सांगितलं जातं. कीचक झालेला नट खरंच मेला की काय, अशी शंका सरकारला आली आणि तो जिवंत आहे हे दाखवावं लागलं, अशीही एक दंतकथा आहे. दंतकथा सोडा, पण तो सीन ब्रिटिश सेन्सॉरच्या कात्रीतून सुटला नाही हे पक्कं.

आता विचार करा. पौराणिक गोष्ट, सगळ्यांना पाठ. मग सरकारला त्यात एवढं काय टोचलं? याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ नाटक लिहिलं होतं. प्रेक्षकांना त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि छळ सोसणारी द्रौपदी म्हणजे आपला देश, हे न सांगता समजलं होतं. सरकारलाही समजलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. म्हणजे पडद्यावर कीचक मरतो तेव्हा नेमकं कोण मरतंय, हे थिएटरात बसलेल्या लोकांना ठाऊक होतं.

ग्रुपमधल्या त्या ‘पोरखेळ’वाल्या मित्राला हे नक्की सांगा. जे सरळ बोललं तर तुरुंगात जावं लागेल, ते राक्षसाच्या आणि राजाच्या गोष्टीत बोलता येतं. ‘हंगर गेम्स’ असो नाहीतर ‘स्टार वॉर्स’, हा फॉर्म्युला जगभर चालतो. आपल्याकडे तो तेव्हाच वापरून झालाय. लोकमान्य टिळकांनी ‘सैरंध्री’ पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. टिळकांनी आपल्या वर्तमानपत्राचं नाव एखाद्या कलावंताच्या नावामागे लावणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मायाबाजार मांडणारा माणूस

पुढची काही वर्षं कंपनीची गाडी सुसाट. १९२१ चा ‘सुरेखाहरण’, १९२३ चा ‘सिंहगड’, १९२४ चा ‘कल्याणचा खजिना’, नंतर ‘मायाबाजार’, ‘भक्त प्रल्हाद’, ‘मुरलीवाला’. यादी मोठी आहे. ‘सुरेखाहरण’मध्ये कृष्ण झालेला कोवळा पोरगा म्हणजे शांताराम वणकुद्रे. कंपनीत पडेल ते काम करत शिकणारा. त्याला पुढे जगानं व्ही. शांताराम म्हणून ओळखलं.

मायाबाजारची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. घटोत्कच मायेनं नवरीचं रूप घेतो, लग्नमंडपात गोंधळ उडवतो आणि खरी नवरी अभिमन्यूला मिळते. आता हे कॉम्प्युटरशिवाय कसं दाखवणार? मूकपटांच्या काळात जगभर चालायच्या अशा काही युक्त्या होत्या. कॅमेरा एका जागी घट्ट बांधायचा, दांडा थांबवायचा, नट बाजूला करायचा, दुसरा उभा करायचा, पुन्हा दांडा सुरू. पडद्यावर बघणाऱ्याला एकाचा दुसरा झालेला दिसतो. नाहीतर फिल्म मागे गुंडाळून तीच पुन्हा उजेडात आणायची, म्हणजे एका चित्रावर दुसरं विरळ चित्र उमटतं आणि देव अंतर्धान पावतात. चुकलं तर अन्डू नाही. सगळं फिल्म धुतल्यावरच कळणार.

पण बाबूरावांची खरी करामत ट्रिकच्याही आधीची होती. रंगवलेल्या पडद्यांचं साम्राज्य ज्यांनी गाजवलं, त्यांनीच सिनेमातून पडदे हटवले. नटाच्या मागे कापड नको. खोली हवी, खांब हवेत, नटाला ज्यातून चालत जाता येईल असा महाल हवा. शूटिंगच्या आधी पात्रं कशी दिसणार, काय घालणार, कुठे उभी राहणार याची चित्रं ते स्वतः काढायचे. आजच्या भाषेत स्टोरीबोर्ड आणि कॉन्सेप्ट आर्ट. सूर्याच्या उजेडावर सगळं शूटिंग चालायच्या काळात ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. साहजिक आहे, तानाजी काय भर दुपारी गड चढणार होता? हा सिनेमा हरी नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा. तो बघायला झालेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर लावायची कल्पना सुचली, असं म्हणतात. म्हणजे तिकिटावरचा टॅक्स बघून वैतागलात तर दोष कुणाला द्यायचा ते बघा!

पोस्टरही तेच रंगवायचे. सिनेमाची माहिती आणि फोटो असलेली छापील पुस्तिका प्रेक्षकांच्या हातात ठेवायची, हेही त्यांनी आपल्याकडे फार लवकर सुरू केलं. ‘कल्याणचा खजिना’चं त्यांनी केलेलं पोस्टर आज भारतात टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या सिनेमा-पोस्टरांमध्ये गणलं जातं. फॅन असलेला माणूस सिनेमा काढायला लागला की फॅनला काय हवं असतं, ते त्याला बरोबर कळतं.

आणि मग आला सावकार

सगळं जोरात चालू असताना १९२५ मध्ये बाबूरावांनी एक वेगळीच उडी मारली. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा ‘सावकारी पाश’. (दोन आपट्यांमध्ये गोंधळ करू नका, ‘सिंहगड’वाले हरी नारायण, हे नारायण हरी.) यात देव नाही, राक्षस नाही, तलवार नाही. एक शेतकरी आहे. सावकार त्याची जमीन गिळतो. जमीन गेल्यावर तो गाव सोडतो आणि शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. बस, एवढंच. शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम.

ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला होता, कर्जाचे कागद जाळले गेले होते, त्यानंतर सरकारला कायदा करावा लागला होता. पन्नास वर्षांनीही गावोगावी पाश तोच होता. थिएटरात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरचं हे दुखणं असणार. आपल्या देशाच्या सिनेमात खऱ्या माणसाचं खरं दुःख इतक्या सरळपणे आणणारे सुरुवातीचे जे मोजके प्रयत्न, त्यात ‘सावकारी पाश’चं नाव आज सगळे अभ्यासक घेतात.

आज घेतात. तेव्हा काय झालं? सिनेमा चालला नाही.

पौराणिक चमत्कार आणि ऐतिहासिक लढाया बघायला येणाऱ्या पब्लिकला पडद्यावर आपलंच घर बघायचं नव्हतं. यात त्यांना शिव्या देणं सोपं आहे. पण दिवसभर राबून, दोन पैसे काढून थिएटरात गेलेल्या माणसाला तिथेही सावकारच भेटला, तर त्याला काय वाटेल? आपणही परीक्षेच्या आदल्या रात्री डोकं शांत करायला डॉक्युमेंटरी लावत नाही. तरीही त्या नकाराची किंमत होती. ती बाबूरावांनी मोजली आणि आपल्या सिनेमानंही मोजली. त्यानंतर ते पुन्हा मुकुट आणि तलवारींच्या सिनेमाकडे वळले. तोच सिनेमा चालला असता तर आपल्याकडे वास्तववादी सिनेमाची वाट किती लवकर रुळली असती, याचा फक्त अंदाज बांधायचा.

शिष्य गेले, आवाज आला

१९२९ मध्ये कंपनीला मोठा धक्का बसला. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले चौघे बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णींच्या साथीनं १ जून १९२९ ला कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या दामल्यांबरोबर कॅमेरा पूर्ण केला, तेसुद्धा गेले. चार वर्षांनी प्रभात पुण्याला गेली. तिचा स्टुडिओ होता त्या जागेवर आज एफटीआयआय आहे. म्हणजे आज जिथे ॲडमिशन मिळावी म्हणून तुमच्यातले काही जण देव पाण्यात बुडवून बसलेत, त्या जागेचं मूळ फिरून कोल्हापुरातच येतं.

पाठोपाठ १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलायला लागला. बाबूरावांना हे फारसं पटलं नाही. इतक्या वर्षांच्या मेहनतीनं जी चित्रांची भाषा घडवली, ती आता बडबडीखाली गाडली जाईल अशी त्यांना धास्ती होती. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूराव पुन्हा ब्रश आणि मूर्तिकामाकडे वळले. शिवाजी चौकातला छत्रपतींचा अर्धपुतळा तुम्ही रोज बघता, ज्याच्यापुढे आपण मॅच जिंकल्यावर नाचतो, तो त्यांच्याच हातचा.

पण एक गोष्ट त्यांच्या मनातून गेली नव्हती. १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी बोलपट. अकरा वर्षांपूर्वी आपटलेला सिनेमा कुणी पुन्हा काढतं का? त्यांनी काढला, कारण ती गोष्ट सांगायची राहिली होती. आणि ध्वनीवर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांनी ध्वनी कसा वापरला बघा. दूरवरून दिसणारी एक उदास, अंधारी झोपडी, आणि तिथे कुत्र्याचं फक्त एक विव्हळणं. संवाद नाही. हा शॉट जे. बी. एच. वाडियांच्या मनात इतका रुतला की पुढे त्यांनी त्याबद्दल भारावून लिहिलं. हे वाडिया कोण? ‘लाल-ए-यमन’सारखी फॅन्टसी काढणारे, फिअरलेस नादियाच्या ‘हंटरवाली’चे निर्माते! राक्षस आणि स्टंटच्या दुनियेतल्या माणसाला आठवत राहिली ती कर्जबाजारी शेतकऱ्याची झोपडी. बाजू कुठे आहेत इथे?

एकाच वर्षी, दोन सिनेमे

१९३६ हेच वर्ष आणखी एका सिनेमाचं. दामले-फत्तेलाल या बाबूरावांच्या शिष्यांचा ‘संत तुकाराम’. यात सदेह वैकुंठाला नेणारं विमान आहे, चमत्कार आहेत, म्हणजे फुल फॅन्टसी. आणि त्याच घरात चूल पेटवायची चिंता करणारी, नवऱ्यावर आणि विठोबावर करवादणारी जिजाई आहे. ती इतकी खरी आहे की विमानावरही आपला विश्वास बसतो. हा सिनेमा मुंबईत वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. गुरूला दोन वेगवेगळ्या सिनेमांमध्ये वाटून दाखवावं लागलं, ते शिष्यांनी एकाच सिनेमात आणलं.

गुरूशिष्यांचं नातंही तुटलं नव्हतं. १९४७ मध्ये शांतारामांच्या राजकमलसाठी ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनात बाबूराव होते. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं.

आता वाईट बातमी. ‘सैरंध्री’ तुम्ही बघू शकत नाही. मूक ‘सावकारी पाश’सुद्धा नाही. त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या फिल्म काळानं खाल्ल्या. कीचकाचा तो सीन खरंच तेवढा भारी होता का, यावर तुम्ही कॅन्टीनमध्ये भांडूच शकत नाही. भांडायलाही सिनेमा शिल्लक लागतो.

मग आपण काय करायचं?

भांडायचं थांबवू नका. उलट जोरात भांडा. फक्त राक्षस की सावकार हा प्रश्न बदला. बाबूरावांना दोघंही खरे वाटत होते, म्हणून दोघांवर त्यांनी सारखीच मेहनत घेतली. तेव्हा फॅन्टसी आवडणाऱ्यांनो, ड्रॅगनच्या खवल्यांवर बोलाच, पण त्या गोष्टीत माणूस सापडतो का तेही विचारा. वास्तववादीच आवडणाऱ्यांनो, ‘कीचकवधा’वर सरकारला बंदी का घालावी लागली ते एकदा आठवा.

आणि दुसरं, तिकिटाचं. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी तो थिएटरात बघितला? २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. राही अनिल बर्वेंच्या सिनेमाला सहा वर्षांनी का होईना, दुसरी संधी मिळाली. १९२५ च्या त्या शेतकऱ्याला मिळाली नाही. सिनेमा काढणारा एकटा सिनेमा जगवत नाही, त्यात समोर बसणाऱ्याचाही वाटा असतो. तेव्हा पुढच्या शुक्रवारी एखादा वेगळा सिनेमा लागला, तुमच्या टाइपचा नसला, तरी पहिल्या आठवड्यात जाऊन या. आवडला नाही तर खुशाल शिव्या घाला. पण बघून घाला.